सब्र आणि ९० दिवस

निकाल लागला त्या दिवशी मी हिंजवडीत ऑफिसात होतो. दुपारी मामूंचा फोन आला. ते शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातून बोलत होते. "छूट गया," एवढंच म्हणाले आणि फोन खालाच्या हातात दिला. खालानं विचारलं, "बेटा, अब क्या करनेका?" घरात इंजिनिअर मी एकटाच. कुणाचं आधार अपडेट होत नसेल, पीएफ अडकला असेल, तरी मलाच विचारतात. मी पटकन म्हणालो, "खाला, कोर्टानंच सांगितलं ना. आता संपलं."

ते वाक्य चुकीचं होतं. कायद्यानं चुकीचं होतं, आणि माझ्या तोंडून तर ते मुळीच यायला नको होतं. का, ते पुढे सांगतो.

खालाची मुलगी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आम्ही भोरच्या एकाच गल्लीत वाढलो. तिला वेल्ह्याकडच्या एका गावात दिली होती. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या घरात अजून वेल्हेच म्हणतात. लग्नाला ९ वर्षं झाली होती, एक मुलगा होता. एका पहाटे ती घरामागच्या विहिरीत सापडली. सासरचे म्हणाले, पाणी आणायला गेली आणि पाय घसरला. खालाचं म्हणणं होतं की आदल्या रात्री घरात मारहाण झाली होती. पोलिसांनी नवऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल केला, खटला काही वर्षं चालला आणि नवरा संशयाचा फायदा मिळून सुटला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तो खुनी आहे असं मी या लेखात म्हणत नाही. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलंय आणि आज कायद्याच्या नजरेत तो निर्दोषच आहे. म्हणूनच इथे नावं नाहीत, गावाचं नाव नाही. मला बोलायचंय ते निकालानंतर आपण काय करतो याबद्दल. त्याहून जास्त, निकालाच्या खूप आधी आपण काय करत नाही याबद्दल.

"जाऊ द्या, सब्र करा"

निकालाच्या आठवड्यातच जमातीतले दोन बुजुर्ग खालाकडे आले. माणसं वाईट नव्हती. मुलीच्या मय्यतीला त्यांनीच सगळी धावपळ केली होती. ते म्हणाले, "अल्लाहची मर्जी होती. आता कोर्टानंही सोडलंय. नातू त्यांच्याकडे आहे, तो तुटायला नको. काही देणंघेणं करून मिटवून टाकू." खाला गप्प बसल्या. त्या रात्री त्यांनी मला पुन्हा फोन केला. मी पुन्हा तेच म्हणालो, "सब्र करो खाला."

पुढचे साडेतीन महिने कुणीच काही केलं नाही. मग कोथरूडमधल्या एका वकील मैत्रिणीशी दुसऱ्याच कामासाठी बोलताना हा विषय निघाला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "निकालाची नक्कल काढली का?" दुसरा प्रश्न, "अपील कुणी केलं? सरकारनं की आईनं?" मी म्हणालो, "आई कशी करणार? खटला तर सरकारचा होता." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं मला जे सांगितलं, ते तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत असावं म्हणून इथे लिहितो.

निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क सरकारला आपल्याकडे १८७२च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यापासून आहे. ही गोष्ट जगात सगळीकडे नाही. अमेरिकेत आरोपी खटल्यातून निर्दोष सुटला की सरकारला त्यावर अपीलच करता येत नाही. आपल्याकडे राज्य सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, पण त्यासाठी हायकोर्टाची परवानगी लागते आणि मुदत ९० दिवसांची असते. अपील करायचं की नाही हे सरकारी खातं ठरवतं. फाईल सरकारी वकिलाच्या अभिप्रायापासून वरपर्यंत फिरते. त्या फिरण्यात तुमच्या घरातली मयत ही हजारांतली एक फाईल असते.

पूर्वी घरच्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. ३१ डिसेंबर २००९ पासून चित्र बदललं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ला एक परंतुक जोडलं गेलं आणि पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्यासाठी दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडित अपील करू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४१३ आहे. २०१८ साली मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पीडिताला या अपिलासाठी हायकोर्टाची वेगळी परवानगीही लागत नाही.

मग पीडित कोण? खून झालेला माणूस तर अपील करू शकत नाही. कायद्याच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस येतात. माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "मुस्लिम वारसा कायद्यात आई वारस असते ना?" असते. नवरा असो, मूल असो, आईचा वाटा बुडत नाही. मदरशात फराइज शिकलेल्या कुठल्याही मुलाला हे पाठ असतं. जो कायदा आपण जमिनीच्या वाटणीच्या वेळी बरोबर आठवतो, त्याच कायद्यानं खालाला हायकोर्टाच्या दारात उभं राहायचा हक्क दिला होता. तो हक्क कुणी तिला सांगितला नाही. जमातीनं नाही, आणि मीही नाही.

मिटवण्याबद्दलही एक गोष्ट. खुनाचा खटला आपसात मिटवता येत नाही. दोन कुटुंबांनी बसून काहीही ठरवलं तरी कायद्यात त्याला किंमत नाही. अशा समझोत्यानं खटला संपत नाही, फक्त साक्षीदार संपतात.

निकाल वाचला तेव्हा

नक्कल मिळाली. पासष्ट-सत्तर पानं. मी ती तीन वेळा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चुका शोधायला, तिसऱ्यांदा मुकाट्यानं.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट नवीन आलेल्या पोरालाही शिकवतात. रात्री सर्व्हर बंद पडला तर सकाळी तुम्ही फक्त लॉग वाचू शकता. जे लॉगमध्ये लिहिलं गेलं नाही ते तुमच्यासाठी घडलंच नाही. तुम्ही कितीही हुशार असा. अपिलाचं कोर्ट अगदी तसंच काम करतं. तिथे पुन्हा साक्षीदार उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टात जे जबाब, पंचनामे, अहवाल आणि उलटतपासण्या कागदावर आल्या, त्याच हायकोर्टातले न्यायाधीश वाचतात. नवा पुरावा घेण्याचा अधिकार आहे, पण तो अपवाद म्हणून वापरला जातो.

आमच्या कागदांत काय होतं? पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यू बुडून झाल्याचं होतं. डोक्याला एक जखम होती. डॉक्टरांनी उलटतपासणीत सांगितलं की ती पडतानाही होऊ शकते आणि मारल्यानंही. नवऱ्याचं म्हणणं होतं की तो हायवेलगतच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. कारखान्याचं हजेरीचं रजिस्टर तपासात कुणी मागवलंच नाही, त्यामुळे तो कामावर होता हे सिद्ध झालं नाही आणि घरी होता हेही नाही. शेजारच्या बाईंनी पोलिसांना सांगितलं होतं की रात्री भांडणाचा आवाज आला. कोर्टात त्या म्हणाल्या, "मला काही आठवत नाही." पंच म्हणून सही केलेला माणूस आमच्याच नात्यातला. तोही फितूर झाला.

तिसऱ्या वाचनानंतर मला कबूल करावं लागलं की त्या न्यायाधीशांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तोच निकाल दिला असता.

आता ती गोष्ट, जी मी अजून खालालाही नीट सांगितलेली नाही. मृत्यूच्या आदल्या महिन्यात ती आपल्या धाकट्या बहिणीला व्हॉट्सअॅपवर व्हॉईस मेसेज पाठवत होती. घरात काय चाललंय, कोण काय बोलतं. ते धाकटीच्या फोनमध्ये होते. पोलिसांनी ते विचारले नाहीत आणि घरच्यांना ते द्यायचे असतात हे सुचलं नाही. मयतीनंतर दोनेक महिन्यांनी धाकटी मला म्हणाली, "भाईजान, फोन लई हँग होतोय." मी तो फॅक्टरी रीसेट करून दिला. बॅकअप बंद होता. विचारलंही नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

त्या मेसेजमध्ये खटला फिरवणारं काही होतं का? माहीत नाही. नसेलही. पण ते कोर्टानं ऐकून ठरवायला हवं होतं. ते मी ठरवून टाकलं, न ऐकता.

दोन घरं, दोन निकाल

घरात झालेल्या मृत्यूचा खटला नेहमीच अवघड असतो. बाहेरचा कुणी पाहत नाही आणि आतले बोलत नाहीत. महाराष्ट्रातले दोन खटले याच्या दोन टोकांना उभे आहेत.

पहिला पुण्याचाच. शरद बिरधीचंद सारडा खटला. जून १९८२मध्ये पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये एक तरुण विवाहिता सायनाइडच्या विषानं मेली. पुण्याच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली. १७ जुलै १९८४ला सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. मुख्य निकाल न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांचा. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी याच्या पाच कसोट्या त्यात आहेत. वकील त्याला पंचशील म्हणतात. थोडक्यात अर्थ असा की आरोपी दोषी असू शकतो एवढं पुरत नाही, तो दोषीच आहे असं पुराव्यानं म्हटलं पाहिजे. आजही परिस्थितीजन्य पुराव्याच्या खटल्यात बचावाचा वकील सारडाचं नाव घेतो.

त्याच निकालातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. त्या विवाहितेनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. मृत माणसाचं म्हणणं पुरावा म्हणून वाचता येईल का, यावर कोर्टानं बारकाईनं विचार केला आणि ती पत्रं पुराव्यात विचारात घेतली. त्या काळी पत्रं होती, आज व्हॉईस मेसेज आहेत. कोर्टात चालायला त्यांना प्रमाणपत्र लागतं. २०२०च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालानं ते पक्कं केलंय. पण त्यासाठी आधी तो फोन शिल्लक असावा लागतो.

दुसरा खटला नांदेड जिल्ह्यातला. त्रिमुख मारोती किरकन खटला. १९९६मध्ये एका गावात एक विवाहिता मेली. सासरी पैशांसाठी छळ होत असल्याचा आरोप होता. माहेरी निरोप आला तो साप चावून गेल्याचा. पोस्टमॉर्टेममध्ये निघालं की गळा दाबल्यानं श्वास कोंडून मृत्यू झाला. नांदेडच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. सरकारनं अपील केलं. औरंगाबाद खंडपीठानं ती मुक्तता रद्द करून त्याला खुनासाठी दोषी धरलं आणि २००६ साली सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. कोर्टाचं म्हणणं असं होतं: घराच्या चार भिंतींत गुन्हा झाला तर थेट पुरावा मिळणं जवळपास अशक्य असतं. सरकारनं पुरेशी परिस्थिती सिद्ध केली की आत काय घडलं याचं पटणारं स्पष्टीकरण घरात असलेल्यानं द्यायला हवं. जे फक्त त्यालाच माहीत आहे ते सांगण्याची जबाबदारी त्याची. गप्प बसून किंवा खोटं सांगून सुटता येत नाही.

हे वाचून मी मैत्रिणीला उत्साहानं फोन केला. "आपलाही खटला असाच आहे!" ती म्हणाली, "नाही. तिथे साप चावला हे डॉक्टरी कागदानं खोटं ठरलं. तुमच्या कागदात डॉक्टर दोन्ही शक्यता सांगतायत. आणि नवरा त्या रात्री घरात होता हे आधी सिद्ध व्हायला हवं. ते रजिस्टर कुठंय?"

दोन्ही खटल्यांत घर बंद होतं. फरक पडला तो पहिल्या काही दिवसांत कागदावर काय आलं त्यानं.

भिंत दोन्हीकडून सारखीच उंच

निर्दोष मुक्तता उलटवणं मुद्दाम अवघड ठेवलंय. १९३४मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं शिव स्वरूप खटल्यात सांगितलं की हायकोर्ट पुरावा पूर्ण नव्यानं तपासू शकतं, पण आरोपी निर्दोष असल्याचं गृहीतक, संशयाचा फायदा आणि साक्षीदार समोर पाहिलेल्या न्यायाधीशाचं मत यांना वजन द्यावं. २००७च्या चंद्रप्पा खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच नियम एकत्र मांडले. मुक्तता झाली की गृहीतक दुप्पट होतं. एकाच पुराव्यातून दोन रास्त निष्कर्ष निघत असतील, तर सुटकेचा निष्कर्ष मोडायचा नाही.

हे खालाला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ये तो उसकेच तरफ का कानून है." मला काय उत्तर द्यावं कळेना. मग मी त्यांना दुसऱ्या एका निकालाची आठवण करून दिली.

२१ जुलै २०२५ला मुंबई हायकोर्टानं ११ जुलै २००६च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा झालेल्यांना निर्दोष सोडलं. १९ वर्षं. काहींच्या डोक्यावर फाशी होती. एक जण निकालाआधी तुरुंगातच वारला. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. त्या दिवशी तुमच्या आणि माझ्या ग्रुपवर काय मेसेज फिरत होते? पुरावा नव्हता, संशयावर माणसं कोंडली, आता तरी त्यांना सोडा. २०१४मध्ये अक्षरधाम खटल्यात सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना सोडलं तेव्हाही आपण हेच म्हणत होतो. आणि बरोबर म्हणत होतो.

पण २ जून २०१४ला हडपसरमध्ये मोहसीन शेख या आपल्यासारख्याच आयटीतल्या पोराला जमावानं मारलं आणि जानेवारी २०२३मध्ये पुण्याच्या कोर्टानं आरोपींना सोडलं, तेव्हा आपले मेसेज वेगळे होते. मी स्वतः लिहिलं होतं, "असला कसला संशयाचा फायदा?" तेव्हा मी निकालाचं एक पानही वाचलं नव्हतं.

पुराव्याची कसोटी एकच असते. आपला पोरगा आरोपी असेल तेव्हा ती ढाल वाटते आणि आपली पोरगी मयत असेल तेव्हा भिंत वाटते. एका बाजूनं ती खाली करा म्हटलं तर दुसऱ्या बाजूनंही खालीच होते. ज्यांची पोरं संशयावरून उचलली जातात त्या समाजाला ती भिंत खाली झालेली परवडणार नाही. आपल्या फिकहमध्येही जुना नियम आहे की शंका आली की हद्दची शिक्षा टळते. हे तत्त्व आपल्याला परकं नाही.

मग भिंत तशीच उंच ठेवून न्याय कसा मागायचा? मला एकच उत्तर दिसतं. पुरावा उंच करायचा. आणि तो घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, आपल्या गल्लीनं पहिल्या दिवसापासून करायचा असतो.

बेस्ट बेकरी आठवा. १ मार्च २००२ला वडोदऱ्यात एका कुटुंबाची बेकरी जाळली गेली, १४ माणसं मेली. साक्षीदार फितूर झाले आणि जून २००३मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. हायकोर्टानं अपील फेटाळलं. १२ एप्रिल २००४ला सुप्रीम कोर्टानं तो सगळा खटला रद्दबातल ठरवून मुंबईत नव्यानं चालवायला सांगितलं आणि २००६मध्ये मुंबईत नऊ जणांना शिक्षा झाली. असं देशात फार क्वचित होतं. त्यासाठी सगळ्या देशाचं लक्ष लागलेलं असावं लागतं. वेल्ह्याच्या विहिरीकडे देशाचं लक्ष नसतं. तिथे साक्षीदार फितूर झाला की विषय तिथेच संपतो.

आणि आमच्याकडचे साक्षीदार कुणी धमकावून फितूर झाले नव्हते. शेजारणीला रोज त्याच गल्लीत राहायचं होतं. पंचाला पुढच्या लग्नात दोन्ही घरी जेवायला जायचं होतं. सूरह निसाच्या १३५व्या आयतीचा आशय आपल्या जुम्म्याच्या खुतब्यात किती वेळा ऐकलाय: साक्ष खरी द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. आयत सगळ्यांना पाठ होती. शिवाजीनगरच्या साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र ती कुणाला आठवली नाही.

मला तेव्हा माहीत असतं तर

हा लेख तुम्ही वाचताय ते बहुतेक फोनवर. घरातले फॉर्म, पासवर्ड आणि फोन तुमच्याच हातात असणार. म्हणून सांगतो.

घरात संशयास्पद मृत्यू झाला तर कुठलाही फोन रीसेट करू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊ नका. मयताचा तर नाहीच, पण ज्यांच्याशी ती बोलत होती त्यांचाही नाही. तो पोलिसांकडे द्या आणि दिल्याची पोच घ्या.

जबाब देताना वाचून सही करा. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्या असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. जुन्या कायद्यात ते कलम १६४ होतं, आता १८३ आहे. असा जबाब दिलेल्याला नंतर सहज फिरता येत नाही.

आरोपी म्हणतो तो कामावर होता, तर हजेरी, गेटवरची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण मागवा असं लेखी द्या. कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस राहत नाही. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

साक्षीदाराला भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. २०१८ला सुप्रीम कोर्टानं ती देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो.

खटला सरकारी वकील चालवतो, पण कोर्टाच्या परवानगीनं तुमचा वकील त्याला मदत करू शकतो. पैसे नाहीत ही अडचण नाही. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती असते. खालासाठी मी हे दार कधी ठोठावलंच नाही.

आणि निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. सरकारचे ९० दिवस आहेत तेच आपले समजून चाला. दफनानंतरचा सब्र वेगळा आणि मुदत उलटून जाऊ देणं वेगळं.

मृत्यूनंतर पहिल्या आठवड्यात जमातीनं मिटवण्याची बैठक घेण्याऐवजी एक वकील आणि दोन शिकलेली पोरं त्या घरी पाठवली, तर आपल्या किती तरी आयांना हायकोर्टात जावंच लागणार नाही. आरोपीच्या घरीही पाठवा. तो निर्दोष असेल तर ते हजेरीचं रजिस्टर त्यालाही हवंच आहे.

खालानं शेवटी अपील केलं. उशीर झाल्यामुळे विलंब माफीचा अर्जही सोबत जोडावा लागला. त्यात उशिराचं कारण लिहायचं असतं. वकील मैत्रिणीनं मसुदा माझ्याकडे पाठवला. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराला कायदेशीर हक्काची माहिती नव्हती. मी तो वाचला आणि पुढे पाठवला. अर्जदाराला माहिती नव्हती हे खरंच होतं. तिनं दोनदा विचारलं होतं, आणि ज्याला विचारलं त्यालाही माहिती नव्हती. त्यानं ती शोधायची तसदीही घेतली नव्हती.

कोल्हापूरला आता हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आम्हाला मुंबईलाच जावं लागतं. अपिलाचं काय होईल ते मी खालाला सांगत नाही. पुरावा कमजोर आहे हे मात्र सांगितलंय. "मालूम है," त्या म्हणाल्या. "लेकिन किसी ने तो पूरा पढना." त्यांना एवढंच हवंय, की कुणीतरी ती सगळी पानं नीट वाचावीत. तो त्यांचा हक्क आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे.

पुढच्या तारखेला मी सुट्टी टाकून त्यांच्यासोबत जाणार आहे. त्या फोनचं त्याआधी त्यांना सांगायचंय.